एक अर्ज, दोन पाडवे

दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, असं मी चौतीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं. निबंधात कुणी हे लिहायचं विसरलं तर अर्धा गुण कापला. पण आमच्या काटेवाडीच्या शिवारात पाडव्याच्या सकाळी ओवाळायला नवरा घरात सापडेल तर शपथ! सगळे नवरे रांगेत असतात. माळेगावला, गोविंदबागेत, साहेबांना भेटायला.

लांबच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. बारामतीत राजकारण बोलताना आडनाव लागत नाही, नातं पुरतं. साहेब म्हणजे शरद पवार, दादा म्हणजे अजित पवार, ताई म्हणजे सुप्रिया सुळे आणि वहिनी म्हणजे सुनेत्रा पवार. मुंबईचा पत्रकार आमच्या पारावर येऊन अर्धा तास बसला, तर त्याला वाटतं ह्या लोकांच्या घरात वाटणीवरून काहीतरी चाललंय. २०२४ साली तसं वाटलं असेल तर त्याला दोष देता येत नाही.

आता माझ्या अर्जाबद्दल. इंदापूर रस्त्यावरून आमच्या वस्तीवर जायला एक पाणंद आहे. लांबी पाऊण किलोमीटर. उन्हाळ्यात ती रस्त्यासारखी दिसते आणि पावसाळ्यात नीरा डाव्या कालव्याचा फाटा वाटते. उसाची ट्रॉली एकदा रुतली की ती काढायला दुसरा ट्रॅक्टर, आणि तो रुतला की तिसरा. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यातल्या एकाचा बूट अजून तिथंच आहे. मुरूम टाकून मिळावा म्हणून मी पहिला अर्ज लिहिला तेव्हा ती मुलगी चौथीत होती. आता तिची मुलगी चौथीत आहे. अर्जातला मजकूर तोच, फक्त वरची तारीख बदलतो. मध्यंतरी सरकारनं शेत-पाणंद रस्त्यांसाठी ‘मातोश्री’च्या नावानं योजना काढली, तेव्हा ‘सदर योजनेअंतर्गत’ एवढे दोन शब्द वाढवले.

तुम्ही म्हणाल, कचेरीत का दिला नाही? दिला की. पोच मिळाली. पण पोच फाईलला लागते, रस्त्याला मुरूम लागतो.

आमच्याकडं अर्ज देण्याचं एक शास्त्र आहे. ते पारावरच्या तात्यांनी मला शिकवलं. “गुरुजी, कागद टेबलावर ठेवायचा नाही. हातात द्यायचा. डोळ्याला डोळा भिडवून द्यायचा. आणि त्यांनी तुमचं नाव घेतल्याबिगर तर द्यायचाच नाही.”

“नाव घेतलं नाही तर?”

“मग कागद खिशात, आणि नुसता नमस्कार करून फिरायचं माघारी.”

तात्यांचं बरोबर होतं. साहेबांना माणसांची नावं पाठ असतात, ही गोष्ट महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. आमच्या तालुक्यात तर ज्याला साहेबांनी नावानं ओळखलं नाही असा माणूस शोधून सापडत नाही. निदान तसं कबूल करणारा सापडत नाही. तात्यांना म्हणे १९७८ साली त्यांनी भर गर्दीतून नावानं हाक मारली. तेव्हापासून तात्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. तेवढं पुरलं.

मला यामागचं कारण नंतर कळलं. साहेबांच्या आई शारदाबाई १९३८ साली पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या होत्या. १९४० च्या डिसेंबरात तीन दिवसांचं बाळ घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या. ते बाळ म्हणजे साहेब. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी ज्यानं पहिली मीटिंग केली, त्याला पुढं १९६७ मध्ये सव्विसाव्या वर्षी आमदार व्हायला कितीसा वेळ लागणार? आमची पोरं तीन दिवसांची असताना आई आणि आत्या यांच्यातही घोळ घालतात.

थोडक्यात, सगळ्या तालुक्याला नेते ओळखत होते. मी सोडून.

मी काही प्रयत्न कमी केले नाहीत. दादा पहाटे सहाला विकासकामं बघायला बाहेर पडायचे, हे सगळ्यांना ठाऊक. गावात पाहणी आहे असं कळलं की आदल्या रात्री अधिकाऱ्यांची झोप उडायची आणि पहाटे गल्लीतली कुत्रीसुद्धा शिस्तीत बसायची. मी तीन गजर लावले. चारला उठून आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि सव्वासहाला जागेवर पोचलो. तिथं एक गवंडी तेवढा विडी पेटवत होता.

“आत्ताच गेलं,” तो म्हणाला.

“पंधराच मिनिटं उशीर झाला मला!”

“गुरुजी, पंधरा मिनटात त्यांच्या दोन टाक्या आन् एक शाळा बघून हुती.”

चूक माझीच. चौतीस वर्षांच्या नोकरीत प्रार्थनेला मी वेळेवर पोचल्याचं हजेरीपुस्तकाशिवाय कुणी सांगू शकणार नाही, ते सोडा.

दुसरा प्रयत्न लग्नात केला. आमच्याकडं लग्नाचा मुहूर्त पंचांगात बघतात आणि लग्न लागतं पुढाऱ्याची गाडी दिसली की. लग्नसराईत लोकप्रतिनिधीला एका दिवसात दहा-बारा लग्नं, दोन दशक्रिया, एक वास्तुशांत आणि कुणाच्या तरी नातवाचं जावळ एवढं उरकायचं असतं. त्यामुळं कधीकधी गडबडीत दशक्रियेला ‘शुभेच्छा’ आणि लग्नात ‘ईश्वर कुटुंबाला बळ देवो’ असं निघून जातं. लोक मनावर घेत नाहीत. लग्नाच्या बाबतीत तर मोठी माणसं मान डोलावतात.

तर माझ्या भाचीचं लग्न. मुहूर्त साडेबाराचा. मी मामा, नवरीला घेऊन बोहल्याजवळ उभा. पाऊण वाजला, एक वाजला. भटजींनी मंगलाष्टकाचं एक कडवं ओढून ओढून सात मिनिटं चालवलं. सूत्रसंचालक दर दोन मिनिटांनी “मान्यवर वेशीत आलेले आहेत” असं सांगत होता. आमच्याकडं वेस कधीच पडली, पण माइकवर ती अजून आहे. दीडला गाड्या आल्या. कोणते नेते ते सांगत नाही. पाहुण्यांनी नवरा-नवरीकडं पाठ फिरवली आणि मोबाइल वर केले. नवरदेव स्वतःच्या लग्नात टाचा उंचावून बघायला लागला.

माझ्या खिशात दोन पाकिटं होती. एकात भाचीसाठी पाचशे एक रुपये, दुसऱ्यात अर्ज. नेते अक्षता टाकून खाली उतरायला लागले, मी पुढं घुसलो, नमस्कार केला, पाकीट हातात दिलं. डोळ्याला डोळाही भिडवला. ते “हो हो” म्हणाले आणि गेले. मग शांतपणे मी दुसरं पाकीट जावयाच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, “गुरुजी, तुमचं पाकीट परत घेऊन जावा. आम्ही असलं काही घेत नाही.” आणि जावईबापू आज सात वर्षं झाली, प्रत्येक कार्यात भेटले की मला कोपऱ्यात घेऊन काळजीनं विचारतात, “मामा, त्या मुरमाचं काय झालं?”

तिसरा प्रयत्न पालखीत. तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडं निघाली की वाटेत काटेवाडीत येते. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मग मेंढ्यांचं गोल रिंगण होतं. शेकडो मेंढ्या पालखीभोवती धावतात. एकही मेंढी दुसरीला ढकलून पुढं जात नाही, मधेच थांबून फोटो काढत नाही. मी तेव्हा पुढाऱ्यांच्या बाजूनं घुसायच्या प्रयत्नात होतो आणि पाच मिनिटांत माझी एक चप्पल, टोपी आणि चष्म्याची एक काडी गेली होती. मेंढ्यांचं रिंगण इतकं सुरळीत का होतं, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांच्यातल्या कुणालाच अर्ज द्यायचा नसतो.

मग २०२४ साल उगवलं आणि अवघड गणित आणखी अवघड झालं.

पहिल्यांदा लोकसभा. नणंद विरुद्ध भावजय, म्हणजे ताई विरुद्ध वहिनी. कन्हेरीच्या मारुतीला नारळ फोडून प्रचार सुरू करायची पवारांच्या घरची जुनी पद्धत. मारुतीरायानं इतकी वर्षं एका घराचा एक नारळ घेतला होता. आता एकाच घराचे दोन्हीकडून नारळ यायला लागल्यावर देवानं कुणाचं ऐकावं? त्यानं दोघांचंही ऐकलं. जूनमध्ये ताई दीड लाखाच्या वर मतांनी निवडून आल्या आणि नोव्हेंबरात विधानसभेला दादा लाखाच्या वर. विधानसभेला समोर सख्खा पुतण्या होता. आमचा तालुका कुणाला दारातून उपाशी पाठवत नाही.

ह्या दोन निकालांच्या मधे दिवाळी आली, आणि पाडव्याच्या तोंडावर बातमी फुटली की यंदा पाडवे दोन आहेत. साहेबांचा नेहमीप्रमाणे गोविंदबागेत, आणि दादांचा आमच्याच काटेवाडीत. तारीख एकच, २ नोव्हेंबर. मतदान २० तारखेला.

गावात शांतता पसरली. बैल हरवल्यावर पसरते तसली. गेली कित्येक वर्षं पाडव्याला कुठं जायचं हा प्रश्नच नव्हता, त्यामुळं उत्तर कुणी पाठ केलेलं नव्हतं. एक रांग बारामतीच्या पूर्वेला, दुसरी पश्चिमेला. इकडं गेलं तर तिकडचे बघणार, तिकडं गेलं तर इकडचे. कुठंच गेलं नाही तर दोन्हीकडचे म्हणणार, हा तिसऱ्याचा! पारावर तात्या पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. त्यांना तब्येतीची कुरकूर सुरू झाली होती. तालुक्यात त्या आठवड्यात बऱ्याच जणांना सुरू झाली होती.

घरी विषय निघाला.

“मग, कोणत्या पाडव्याला जाणार?” हिनं विचारलं.

“बघू. दोन्हीकडं जाऊन यावं म्हणतो.”

“आणि तिसऱ्याचं काय?”

“तिसरा कोणता?”

तिनं नुसतं देव्हाऱ्याकडं, तिथल्या ओवाळणीच्या ताटाकडं बोट दाखवलं. “सकाळी सहाला निरांजन लावते. वात विझायच्या आत पाटावर बसलात तर बसलात. नाहीतर पुढच्या वर्षी रांगेत या.”

मी अर्जाच्या पाच झेरॉक्स काढल्या. ‘प्रति, मा.’ च्या पुढची जागा मोकळी ठेवली. खिशात निळं पेन. पहाटे साडेपाचलाच निघालो, म्हणजे निरांजन लागायच्या आधीच गुन्हा घडलेला होता. एका ठिकाणी रांगेत उभा राहिलो. पुढं बघतो तर मफलरीत तोंड लपवलेला माणूस ओळखीचा वाटला. आमच्या वस्तीवरचे आबा.

“काय आबा, इकडं?”

“छे, छे! पाव्हण्यांना सोडायला आलो होतो.”

“कुठायत पाव्हणं?”

“पुढं गेलं रांगेत. तुम्ही?”

“मी पण पाव्हण्यांनाच.”

दोन तासांनी मी दुसऱ्या ठिकाणच्या रांगेत शिरलो, तर माझ्यामागं आबा. आम्ही एकमेकांकडं बघितलं. पाव्हणे फार हिंडत होते त्या दिवशी. मागंपुढं नजर टाकली तर सकाळच्या रांगेतले निम्मे चेहरे हजर. फक्त क्रम बदललेला. सकाळी जे पुढं होते ते आता मागं होते आणि सगळे बोलत होते हवेवर. एकानं तर मला विचारलं, “गुरुजी, औंदा थंडी जरा उशिरा पडली न्हाई?” घामानं त्याच्या कपाळावरचं गंध ओघळत होतं. आणि ज्यांच्या तब्येतीची कुरकूर होती ते तात्या सगळ्यांच्या पुढं, रांगेच्या तोंडाशी उभे होते.

ह्या दोनपैकी एका ठिकाणी पुढची घटना घडली. कोणत्या ते सांगणार नाही. सांगितलं तर मी तिथं गेलो होतो हे सिद्ध होईल.

रांग सरकत सरकत मंडपाच्या आत आली. कडेला हातात फाईल, कानात वायर, कडक इस्त्री असा एक तरुण लोकांना पुढं सोडत होता. मला बघून तो वाकला आणि भर गर्दीत पाया पडला.

“गुरुजी! ओळखलंत का?”

आता इथं मला एक कबुली द्यायची आहे. चौतीस वर्षांत हाताखालून गेलेली मुलं मोजली तर दीड हजारांच्या पुढं जातील. त्यातली पाच-सहा मला ओळखू येतात, तीसुद्धा ज्यांनी माझी सायकल पंक्चर केली होती म्हणून. त्यामुळं मी एक वाक्य तयार ठेवलेलं आहे. चेहरा उजळायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, “अरे वा! कसं काय? घरी सगळे बरे? काय करतोस सध्या?” समोरचा खूश होऊन पुढं जातो. मी ते म्हटलं. म्हणताना लक्षात आलं, हेच वाक्य मी आज सकाळपासून मंडपात शंभर वेळा ऐकलं होतं.

पण हा पुढं गेला नाही. “गुरुजी, नाव सांगा बरं माझं.”

मी डोळे बारीक केले. “तू... शेवटच्या बाकावरचा ना?”

“पहिल्या बाकावर होतो. तीन वर्षं मॉनिटर होतो. तुमच्या घरनं रोज डबा मीच आणायचो.”

रांगेत मागून कुणीतरी खाकरलं. पण पोरगं मोठ्या मनाचं. त्यानं माझ्या हातातल्या कागदावरून नजर फिरवली, आत गेला आणि नेत्यांच्या कानाशी दोन सेकंद वाकला. मी समोर पोचलो तोवर ते अर्धे उठले होते.

“या गुरुजी! काटेवाडीचं काय म्हणतंय? तुमचा तो पाणंदीचा मुरूम पडला का नाही अजून?”

पंचवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते असं समोर आलं. माझे कान गरम झाले, पाय हलके झाले. बोलायचं म्हणून पाठ केलेलं सगळं विसरलो. फक्त म्हणालो, “नाही, म्हणजे पडेल, गडबड नाही.” पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी हिंडलो त्या कामाबद्दल मीच सांगितलं की गडबड नाही! त्यांनीच माझ्या हातातून कागद काढून घेतला, वर नाव नाही हे बघूनही बघितलं नाही, आणि फाईलवाल्याला म्हणाले, “आचारसंहिता संपली की गुरुजींचं पहिलं घ्या. नीट मोजून घ्या.”

‘नीट मोजून’ ह्या दोन शब्दांकडं तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

फोटोही निघाला. त्यात नेते आहेत, फाईलवाला आहे, मागून घुसलेले आबा तर मध्यभागीच आहेत. मी नमस्काराला वाकल्यामुळं माझी टोपी आहे. नवी आहे, पालखीनंतर घेतलेली.

संध्याकाळपर्यंत बातमी वस्तीभर झाली. लोक घरी येऊन विचारून जायला लागले, “नावानं हाक मारली म्हणे?” तिसऱ्या माणसाला सांगेपर्यंत ते मला मिठी मारायला उठले होते. रात्री आठला हिनं पुन्हा निरांजन लावलं, पाटावर बसवलं आणि ओवाळलं. “आता तरी ओळखलं का मला?” एवढंच म्हणाली. मी ताटात ओवाळणी टाकायला ऐटीत खिशात हात घातला. अर्जाची झेरॉक्स निघाली.

निवडणूक झाली, निकाल लागले, गुलाल पडला. आणि एक दिवस सकाळी दहाला खरोखर मोजणीवाले आले. नकाशा, टेप, चुना, लाल खुंट्या. एवढंच काय, त्यांनी माझं नाव घेऊन विचारलं. मी चहा केला, आबांना बोलावलं, चार लोकांसमोर जरा मोठ्यानं बोललो. मोजणीवाल्यानं टेप ताणला आणि नकाशाकडं बघितलं. पुन्हा टेप ताणला.

“गुरुजी, नकाशात पाणंद बारा फूट आहे.”

“बरोबर आहे.”

“जागेवर सात भरतीय.”

“अतिक्रमण!” मी आबांच्या बांधाकडं बोट करून म्हणालो. “मी पंचवीस वर्षं हेच सांगतोय!”

त्यानं आबांच्या बाजूनं टेप धरला. आबांचा बांध जिथल्या तिथं होता. मग तो माझ्या बाजूला आला. चुन्याची रेघ माझ्या आडसाली उसात शिरली. एक सरी गेली, दुसरी गेली आणि तिसरीच्या वरंब्यावर लाल खुंटी ठोकली गेली. आमचे वडील दरसाल नांगरताना एक तास पाणंदीकडं सरकायचे. ते गेल्यावर मी बैल विकून ट्रॅक्टर लावला, पण वडिलांची आठवण म्हणून ते तेवढं चालू ठेवलं होतं. वर्षाला चार बोटं. चौतीस वर्षं पोरांना क्षेत्रफळ शिकवलं, पण चार बोटं गुणिले साल हे उदाहरण काही फळ्यावर लिहिलं नाही.

“जरा सवलतीनं घ्या की,” मी हळूच म्हणालो.

“एरवी घेतो हो. आम्ही काय इतकं बारीक मोजतोय व्हय? पण तुमचं काम वरनं आलंय. गुरुजींचं आहे, नीट मोजा म्हणून सांगितलंय.” त्यानं खुंटीवर आणखी एक घाव घातला. आबा मफलर सारखी करत चहा प्यायला लागले. चहा माझाच होता.

त्या तीन सऱ्यांतला ऊस अजून उभा आहे. छत्रपती कारखान्याची तोड येईपर्यंत खुंट्या राहू द्याव्यात, मुरूम त्यानंतर टाकावा, आणि जमल्यास मोजणी पुन्हा एकदा, जरा कमी नीट व्हावी, असा नवा अर्ज मी तयार केला आहे. ‘प्रति, मा.’ च्या पुढची जागा मोकळी आहे. पाच झेरॉक्स आहेत. येत्या पाडव्याला तुमच्यापैकी कुणी कुठल्याही रांगेत उभं राहणार असेल, तर येता येता माझ्याकडून कागद घेऊन जावा. मला स्वतःला येता येणार नाही. तिथं आता मला ओळखतात.